ओळी पाठ होईनात : एका चरित्र अभिनेत्रीचं प्रकरण

नाटकाचा प्रयोग संपल्यावर भेटायला आलेल्या प्रेक्षकाचा एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढं सगळं पाठ कसं होतं हो तुमचं?" नाटकवाली माणसं यावर नुसती हसतात. पाठांतर ही त्यांच्या लेखी कामाची सुरुवात, त्यात कौतुक कसलं! पण रंगभूमीवर वर्षानुवर्षं एकही ओळ न चुकवलेल्या माणसाची दूरचित्रवाणीच्या सेटवर वीस ओळींसाठी गाळण उडाली, तर? आणि ती सात वर्षं उडत राहिली, त्याच काळात पुरस्कारही मिळत राहिले, तर?

हे प्रकरण एस्टेल गेटी या अमेरिकन अभिनेत्रीचं. आपल्याकडे नाटकातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला 'बाई' म्हणतात, म्हणून पुढे त्यांना बाईच म्हणतो. बाईंचं आणि त्यांच्या सहकलाकारांचं काम सार्वजनिक आहे, ती नावं ठेवली आहेत. घरची माणसं आणि कामं मिळवून देणारी मंडळी यांची नावं गाळली आहेत. प्रकरणाला त्यांची गरज नाही.

पार्श्वभूमी

बाईंचा जन्म २५ जुलै १९२३ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. माहेरचं आडनाव शेर. पोलंडहून आलेलं ज्यू कुटुंब. नटी व्हायचं वेड लहानपणापासूनच. तरुणपणी न्यूयॉर्कजवळच्या कॅट्स्किल डोंगरातल्या हॉटेलांमध्ये पाहुण्यांना हसवायला विनोदवीर उभे राहत, तिथे बाईंनीही नशीब अजमावून पाहिलं. बाईमाणूस एकटं उभं राहून विनोद सांगतंय हे तेव्हाच्या प्रेक्षकाला पचेना, आणि ते तिथेच थांबलं. १९४७ मध्ये लग्न, मग दोन मुलगे. नवऱ्याचं आडनाव होतं गेटलमन. त्याला कात्री लावून रंगमंचासाठी 'गेटी' झालं.

त्यापुढची तीसेक वर्षं एका ओळीत सांगता येतात : दिवसा ऑफिसात सेक्रेटरी, संध्याकाळी तालीम. पैसे मिळतील तिथे काम करायचं, न मिळतील तिथेही करायचं. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेत ऑफिसातून थेट तालमीला येणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचं जास्त वर्णन करून सांगायला नको.

भूमिका मिळत त्या आईच्या. आयरिश आई, ज्यू आई, इटालियन आई. हूणांचा क्रूरकर्मा राजा अटिला सोडला तर मी सगळ्यांची आई झाले आहे, असा बाईंचा एक लाडका विनोद होता. चरित्र अभिनेत्रीचा हा धंदाच असा आहे. नायिकेचं वय उलटतं, आईचं उलटत नाही. पण आईची भूमिका बहुतेक वेळा दोन प्रवेशांची असते. दार उघडायचं, काहीतरी खायला घालायचं, नाही तर रडायचं, आणि विंगेत परतायचं.

पहिला निर्णय : भूमिका मागून घेणं

सत्तरच्या दशकात बाईंची ओळख हार्वी फिअर्स्टीन या तरुण नाटककाराशी झाली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, तो विशीतला. तो मॅनहॅटनच्या प्रायोगिक रंगभूमीवर स्वतःच्या, म्हणजे समलिंगी पुरुषांच्या आयुष्यावर छोटी नाटकं लिहीत होता आणि त्यांत कामही करत होता. बाई त्याच्या मागे लागल्या : बाकी सगळ्यांवर लिहितोस, एक आई लिही, मी करते.

त्याने लिहिली. तीन एकांकिकांच्या मालिकेतल्या तिसऱ्या भागात फ्लॉरिडाहून मुलाला भेटायला न्यूयॉर्कला आलेली ही आई येते. हे तीन भाग जोडून जे नाटक झालं ते 'टॉर्च साँग ट्रिलॉजी'. जून १९८२ मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी हा तिथल्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. जवळजवळ चार तासांचं नाटक. त्यात आईची एंट्री शेवटच्या भागात, पण मायलेकांचं जे भांडण आहे ते नाटकाचा कणा म्हणावं असं. मुलगा जसा आहे तसा त्याला स्वीकारू न शकणारी ही आई प्रेक्षकाला राग यावा अशी बोलते, आणि तरी तिच्यावर पूर्ण रागावता येत नाही.

या निर्णयाकडे नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. भूमिकेची वाट पाहण्याऐवजी बाईंनी भूमिका लिहवून घेतली, तीही कुणा बड्या निर्मात्याकडून नव्हे, तर हाताशी असलेल्या बेनाम पोराकडून. यात बाईंचं जाणारही काही नव्हतं. फार तर आणखी एक बिनपैशाचं नाटक झालं असतं, आणि तशी त्यांनी आधीच ढिगाने केली होती.

पाठांतराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट टिपून ठेवायची. ही भूमिका बाईंच्या अंगात अनेक वर्षं मुरत गेली. आधी छोट्या जागेत, मग ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेहून लहान नाट्यगृहात, मग ब्रॉडवे, मग दौरा. त्याच ओळी, तोच मुलगा, तेच भांडण, रोज रात्री. संवाद जिभेवर राहत नाहीत, अंगात उतरतात. कप उचलला की ओळ येते, कप ठेवला की पुढची. ज्याने एका नाटकाचे शंभर प्रयोग केले आहेत त्याला झोपेतून उठवलं तरी तो नाटक म्हणून दाखवेल.

दुसरा निर्णय : दोन महिन्यांची मुदत

दौऱ्यात नाटक लॉस एंजेलिसला गेलं. बाई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या. नवरा, घर, सगळं न्यूयॉर्कमध्ये. तिथेच राहून दूरचित्रवाणीत प्रयत्न करायचे की परतायचं? बाईंनी स्वतःला दोन महिन्यांची मुदत घालून दिली, असं सांगितलं जातं. तेवढ्यात काही जमलं तर ठीक, नाही तर घर.

त्याच सुमारास एनबीसी वाहिनीवर एक वेगळीच गंमत शिजत होती. १९८४ मध्ये वाहिनीच्या नव्या मालिकांच्या जाहिरात-कार्यक्रमात सेल्मा डायमंड आणि डोरिस रॉबर्ट्स या दोन प्रौढ नट्यांनी 'मायामी व्हाइस' या पोलिसी मालिकेची ओळख करून देताना तिला 'मायामी नाइस' समजण्याचा विनोद केला. म्हाताऱ्या माणसांची, उबदार फ्लॉरिडातली मालिका! लोक हसले, आणि वाहिनीच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात ते घर करून बसलं. सुझन हॅरिस यांनी त्यावरून 'द गोल्डन गर्ल्स' लिहिली : मायामीतल्या एका घरात राहणाऱ्या तीन प्रौढ बायका आणि त्यातल्या एकीची, डोरोथीची, ऐंशीची आई सोफिया. सोफियाला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. मेंदूतला जो भाग जिभेला लगाम घालतो तोच नेमका गेलेला. म्हणून ती मनात येईल ते बोलते. विनोदी भूमिकेसाठी लेखकाने दिलेली ही किल्ली किती चलाख आहे ते बघा. कितीही जहरी ओळ लिहा, म्हातारीला माफ.

बाई चाचणीला गेल्या आणि शेरा मिळाला : वय कमी दिसतं. बाई ठेंगण्या, पाच फुटांच्या आतल्या, पण तरतरीत. शिवाय मुलीच्या भूमिकेसाठी ठरलेल्या बीया आर्थर यांचा जन्म मे १९२२ चा. म्हणजे 'मुलगी' आईपेक्षा चौदा महिन्यांनी मोठी, आणि उंचीने चांगली थोराड.

इथे पर्याय सरळ होते. एक, आहे तशी पुन्हा चाचणी द्यायची आणि अभिनयावर भरवसा ठेवायचा. दोन, नाद सोडायचा. तिसरा बाईंनी घेतला. जुन्या कपड्यांच्या दुकानातून ढगळ पोशाख आणला, म्हातारीला शोभतील अशी पादत्राणं मिळवली, चेहऱ्यावर रंगभूषा करून घेतली आणि सोफिया होऊनच खोलीत शिरल्या. निवड करणाऱ्यांना कल्पना करायचं कामच ठेवलं नाही.

नाटकवाला यात काही विशेष पाहणार नाही. आमच्याकडे तालमीतही कुणी पदर डोक्यावर घेऊन बसतं, काठी मागून घेतं. पण दूरचित्रवाणीच्या चाचणीला असं जाणं हा जुगार होता. समोरच्याला ते केविलवाणं वाटू शकलं असतं. बाईंना तीस वर्षांच्या नकारांनी एवढं तरी शिकवलं होतं की केविलवाणं दिसण्याची भीती परवडणारी नाही.

भूमिका मिळाली. मुळात सोफिया अधूनमधून येणारं पात्र म्हणून बेतलेली होती. पहिल्या भागात घरात एक पुरुष स्वयंपाकीही होता. म्हातारी लोकांना इतकी आवडली की स्वयंपाकी पुढच्या भागापासून गायब झाला आणि म्हातारी कायमची राहिली. १४ सप्टेंबर १९८५ ला मालिका सुरू झाली. बाईंना बासष्ट पूर्ण होऊन दोनच महिने होत होते.

अडचण

इथून प्रकरणाचा गाभा सुरू होतो.

प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या अमेरिकन विनोदी मालिकेचा आठवडा असा असतो : पहिल्या दिवशी टेबलाभोवती बसून वाचन. मग तीन दिवस तालीम, आणि रोज संहितेत बदल. जो विनोद पडला तो काढायचा, नवा घालायचा. आज पाठ केलेली ओळ उद्या असेलच असं नाही. शेवटच्या दिवशी खरे प्रेक्षक बसवून, बहुधा दोन वेळा, अख्खा भाग करायचा आणि दोन्हींमधलं चांगलं निवडून जोडायचं. पुढच्या आठवड्यात कोरी संहिता. असे वर्षाला पंचवीसेक भाग.

म्हणजे नाटकासारखे समोर प्रेक्षक आहेत, पण नाटकासारखी मुरायला मुदत नाही. सिनेमासारखे कॅमेरे आहेत, पण सिनेमासारखा एकेक तुकडा शांतपणे घेण्याची सोय नाही. दोन्हींकडची कठीण बाजू तेवढी एकत्र आली आहे. आपल्याकडे नाटकातून दैनंदिन मालिकेत गेलेले नट सेटवर पोचल्यावर हातात पडणाऱ्या सीनबद्दल कुरकुरतात ती जातकुळी हीच. फक्त तिथे चुकल्यावर हसायला तीनशे माणसं बसलेली नसतात.

बाईंच्या तीन सहकलाकार या खेळात मुरलेल्या होत्या. बीया आर्थर आणि रू मॅक्लॅनहन यांनी सत्तरच्या दशकात 'मॉड' या मालिकेत वर्षानुवर्षं एकत्र काम केलं होतं. बेटी व्हाइट तर दूरचित्रवाणी जन्मली तेव्हापासून तिच्यात होत्या. त्यांना दर आठवड्याची नवी संहिता म्हणजे रोजचा स्वयंपाक. बाई एकट्या नव्या.

आणि बाई ब्लँक होऊ लागल्या. चित्रीकरणाच्या आदल्या दिवसापासूनच त्यांच्यावर मळभ येई, चित्रीकरणाच्या दिवशी तर जवळ जाण्याचीही सोय नसे, असं मॅक्लॅनहन यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. ओळ आली नाही की चित्रीकरण थांबे. पुन्हा सुरुवात. प्रेक्षक आधी हसतात, मग सांभाळून घेतात, मग गप्प होतात. एकदा ऐकलेल्या विनोदाला दुसऱ्यांदा तितका हशा मिळत नाही, आणि त्याची किंमत ज्याने चूक केली त्याच्याबरोबर समोर उभ्या असलेल्या तिघींनाही मोजावी लागते. वेळेच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या सहकलाकारांची चिडचिड होई, यात नवल नाही.

लेखकांनी त्यात नकळत भर घातली. सोफियाची सगळ्यात गाजलेली लकब म्हणजे इटलीतल्या सिसिली बेटावरची गोष्ट. "डोळ्यांसमोर आणा. सिसिली, १९२२" असं म्हणून ती कुठली तरी थापेबाज हकिकत सुरू करते. लोकांना हे इतकं आवडलं की गोष्टी येतच राहिल्या. पण ही गोष्ट म्हणजे सलग मोठं भाषण, मध्ये पुढची ओळ सुचवणारा कुणाचा शब्द (क्यू) नाही, गावांची आणि माणसांची नवी नावं, आणि शेवटी एकच शब्द अचूक जागी पडला तरच हशा. पाठांतर डळमळीत असलेल्या नटीला यापेक्षा वाईट काय द्यावं!

कारण काय होतं?

दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं : भीती. मुरलेल्या तिघींमध्ये आपण उपऱ्या आहोत असं वाटणं, उशिरा हाती आलेलं हातचं जाईल ही धास्ती. भीतीने पाठांतर बिघडतं, बिघडलं की भीती वाढते. त्या वेळी सगळ्यांनी हेच उत्तर धरलं, बाईंनीही.

दुसरं उत्तर फार नंतर मिळालं. दोन हजार सालानंतर बाई आजारी असल्याच्या बातम्या आल्या. आधी पार्किन्सन आणि अल्झायमर ही नावं घेतली गेली, शेवटी निदान झालं ते लेवी बॉडी डिमेन्शिया या आजाराचं. यात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साठतात. लक्ष टिकत नाही, माणूस एका दिवशी लख्ख असतो आणि दुसऱ्या दिवशी हरवलेला, पुढे हालचाल मंदावते, भास होतात. अल्झायमरमध्ये आधी आठवण जाते, इथे बहुधा आधी लक्ष आणि घडी बसवण्याची शक्ती जाते. 'कधी लख्ख, कधी हरवलेला' हे वर्णन वाचून त्या सेटवरच्या माणसांना नंतर काय वाटलं असेल, ते सांगायला नको. आजाराची सुरुवात तेव्हाच झाली असावी अशी शंका सहकाऱ्यांनी पुढे बोलून दाखवली.

माझं मत : १९८५ च्या अडचणीला २००० नंतरचं निदान चिकटवताना हात आखडता घ्यावा. पहिल्या वर्षीपासून जे होत होतं ते धास्तीने पुरेसं समजतं. शेवटच्या एक-दोन वर्षांबद्दल मात्र तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. १९९१-९२ च्या सुमारास बाई एड्सने शेवटच्या टप्प्यात असलेल्या आपल्या तरुण भाच्याला कॅलिफोर्नियात आणून त्याची शुश्रूषा करत होत्या. तो जानेवारी १९९२ मध्ये गेला. 'टॉर्च साँग'च्या काळातले कितीतरी मित्रही याच आजाराने गेले होते, आणि लोक तोंड फिरवत असताना बाई या कामासाठी निधी गोळा करत फिरत होत्या. अशा वर्षात कुणाच्याही ओळी पडतील. शोक, भीती आणि आजार यांतलं एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे सेटवर उभं राहून कोण सांगणार?

समोरचे पर्याय

निर्मात्यांच्या खोलीत काय चर्चा झाली याची नोंद आपल्यापुढे नाही. अशा वेळी कुठल्याही निर्मात्यासमोर जे पर्याय असतात ते मांडतो.

सोफियाच्या ओळी कमी करणं हा पहिला. सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात महाग. ती दारातून येणार, एक ओळ टाकणार आणि जाणार, यावर मालिकेचा अर्धा हशा उभा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाला खुर्च्या तीनच होत्या, कारण कॅमेऱ्याकडे कुणाची पाठ नको. त्यामुळे चौघी जमल्या की एक उभी किंवा हिंडती. हिंडत्या पात्राला ओळी तुटक लागतात, हे बाईंच्या पथ्यावरच पडणारं होतं. पण लोक गोष्टी मागत होते.

दुसरा, प्रेक्षकांविना चित्रीकरण. तणाव नक्की कमी झाला असता. पण ही मालिका चार नाटकी नट्यांच्या टायमिंगवर चालत होती आणि टायमिंगला समोरचा हशा लागतो. बाईंनाही तो लागत असणार, रंगभूमीचंच माणूस ते.

तिसरा, ओळी डोळ्यांसमोर ठेवणं. चौथा, नटी बदलणं. तो पहिल्या हंगामानंतर कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. १९८६ च्या सुरुवातीला गोल्डन ग्लोब या सिनेमा-दूरचित्रवाणीच्या पुरस्कारांना चौघींचीही नामांकनं होती आणि पुरस्कार मिळाला तो बाईंना (सिबिल शेपर्ड यांच्याबरोबर विभागून).

पाचवा पर्याय होता डॉक्टरांना दाखवण्याचा. तो कुणी मांडला असल्याचं ऐकिवात नाही.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला गेला, आणि तो आधी बाईंनी स्वतःच निवडला असावा असं दिसतं. ओळी प्रॉपर्टीवर, म्हणजे सेटवरच्या सामानावर लिहिल्या जाऊ लागल्या. हातातल्या वस्तूवर, टेबलावर, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात. पुढे क्यू कार्ड आली : मोठ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या ओळी, कॅमेऱ्याच्या बाजूला धरलेल्या.

जुन्या संगीत नाटकांना विंगेतला प्रॉम्प्टर असे, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की प्रॉम्प्टर कानाला मदत करतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायला नट मोकळा राहतो. क्यू कार्ड डोळेच मागतं. ज्याच्याशी भांडतोय त्याच्याकडे न बघता भांडायचं! बाईंनी हे कसं निभावलं ते अभ्यासण्यासारखं आहे. सोफियाचा मोठा चश्मा, ठेंगणेपणामुळे मान वर-खाली करण्याची सवय, आणि 'मला तुमच्याशी देणंघेणं नाही' हा तिचा मुळातलाच भाव. नजर चुकली तरी ती पात्राची वाटावी इतकी सामग्री भूमिकेतच होती. म्हातारी माणसं ओळ सांगून झाल्यावर वर बघतात, तसं.

आणखी एक आधार होता तो पिशवीचा. सोफिया घरातल्या घरातही हातात विणलेली पर्स घेऊन हिंडते. स्वयंपाकघरात पर्स, झोपताना पर्स. म्हातारपणी घर, सामान, सगळं सुटत जातं आणि उरलेला संसार एका पर्सेत मावतो, अशी त्यामागची बाईंची समजूत होती. नटाच्या हाताला काम मिळालं की डोक्यावरचा भार थोडा उतरतो. बिडी, काठी, जपमाळ, तपकिरीची डबी, आपल्या नटांनी यावर आयुष्यं काढली आहेत.

एका निर्णयाने मात्र सेटवर डोकेदुखी वाढवली. पहिल्या हंगामानंतर बाईंनी चेहऱ्यावर तारुण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचं सांगतात. ऐंशीची म्हातारी सुट्टीनंतर तरुण होऊन आली आणि तिला पुन्हा म्हातारी करायला रंगभूषाकाराचा वेळ वाढला. हसू येतं, पण सहानुभूतीही वाटते. जन्मभर आया करून बासष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या बाईला आरशात थोडं तरुण दिसावंसं वाटलं, तर तिला काय म्हणावं?

काय झालं

मालिका सात हंगाम आणि १८० भाग चालली. बाईंना सातही वर्षं एमी या दूरचित्रवाणीच्या मानाच्या पुरस्काराची नामांकनं मिळाली, १९८८ मध्ये पुरस्कार मिळाला. चौघींपैकी प्रत्येकीला एकेक एमी मिळाली, हेही फार कमी मालिकांच्या नशिबी आलं आहे.

या यशाची किंमत दुसरीकडे चुकवावी लागली. 'टॉर्च साँग ट्रिलॉजी'चा सिनेमा १९८८ मध्ये आला, त्यात आई झाल्या ॲन बॅन्क्रॉफ्ट. जी भूमिका बाईंनी मागून लिहवून घेतली, वर्षानुवर्षं घासली, ती पडद्यावर दुसरीच्या नावे राहिली. बॅन्क्रॉफ्ट मोठ्याच नटी, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाईंनी ती रंगमंचावर कशी केली हे आज कुणालाही घरबसल्या सहज पाहता येत नाही. जी पाहता येते ती सोफिया, क्यू कार्डावरून वाचलेली.

१९९२ मध्ये बीया आर्थर यांनी मालिका सोडली. उरलेल्या तिघींना घेऊन 'द गोल्डन पॅलेस' ही हॉटेलातली मालिका दुसऱ्या वाहिनीवर निघाली आणि एका हंगामात बंद पडली. त्यानंतर सोफियाला उचलून 'एम्प्टी नेस्ट' या शेजारच्या मालिकेत नेलं गेलं. तिथे बाई १९९५ पर्यंत होत्या. २००३ मध्ये जुन्या मालिकेच्या स्नेहमेळाव्याचा कार्यक्रम झाला तेव्हा तिघीच आल्या. २२ जुलै २००८ ला लॉस एंजेलिसच्या घरी बाई गेल्या. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन दिवस होते.

वेगळं काय करता आलं असतं

सिसिलीच्या गोष्टी आधी लिहून द्यायला हव्या होत्या, हे मला पहिलं सुचतं. आठवड्याच्या बाकीच्या संवादांत बदल होणारच, पण ती गोष्ट कथानकापासून सुटी असे. तशी एखादी दोन-तीन आठवडे आधी हातात पडली असती तर बाईंना नाटकासारखी मुरवता आली असती. ज्या नटीची ताकद पुनरावृत्तीत आहे तिला पुनरावृत्तीची सोय करून देणं हे लेखकांच्या हातातलं होतं. पण आठवड्याच्या मालिकेचे लेखकसुद्धा त्याच गाड्याला जुंपलेले असतात. त्यांचीच या आठवड्याची पानं पुरी झालेली नसतात.

क्यू कार्ड उशिरा आली, हे दुसरं. ती पहिल्या महिन्यातच उघडपणे आली असती तर चोरून टेबलावर लिहिण्याची पाळी आली नसती. चोरून केलेल्या उपायाला दुहेरी भीती असते, ओळ विसरण्याची आणि पकडलं जाण्याची. रंगभूमीच्या माणसाला क्यू कार्ड मागणं म्हणजे नाक कापून घेणं वाटतं. तेव्हा मागण्याची वाट न पाहता दिग्दर्शकाने ती आणून ठेवायची असतात. चौघींसाठी ठेवायची, म्हणजे एकीसाठी ठेवली असं होत नाही.

'एम्प्टी नेस्ट'मध्ये जाण्याबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. मुलगी डोरोथी समोर नसताना सोफियाचे टोमणे हवेतच जातात, त्यामुळे भूमिका म्हणून ती बढती नव्हती. पण सत्तरीला टेकलेल्या नटीला रोजचं काम, ओळखीचं पात्र आणि हाताशी क्यू कार्ड मिळत असेल तर तिने घरी का बसावं? तिच्या जागी मीही गेलो असतो.

राहता राहिला डॉक्टरांचा प्रश्न. लेवी बॉडी डिमेन्शियाचं नाव ऐंशीच्या दशकात बहुतेक डॉक्टरांच्याही तोंडी नव्हतं, निदानाचे एकमताने ठरलेले निकष नव्वदीच्या मध्यावर आले. त्यामुळे १९८७ मध्ये कुणी बाईंना दवाखान्यात नेलं असतं तरी 'मनावर ताण घेऊ नका' एवढंच ऐकून परत यावं लागलं असतं, अशी दाट शक्यता आहे. तरीही विचारणं वेगळं आणि उत्तर न मिळणं वेगळं. सेटवर वेळ वाया गेल्याचा हिशेब दर आठवड्याला झाला असेल.

प्रकरण समजून घ्यायचं तर मालिकेचा एखादा भाग लावा आणि हशाचा आवाज बंद करून फक्त बाईंचे डोळे बघा. ओळीच्या आधी नजर कुठे जाते, ओळ सुटताना कुठे असते. मग तोच भाग आवाजासकट लावा.